आकाशपाळण्याच्या फाटकाशी

त्या पार्कात मला कुणी मी हवा म्हणून नेलं नव्हतं. माझी चाकाची खुर्ची हवी होती. खुर्चीवरचा माणूस सोबत असला की पाळण्यांसाठी लाइन लावावी लागत नाही, बाजूच्या फाटकातून सगळ्यांना सोडतात, हे धाकट्या भावाला कुणीतरी सांगितलं होतं. तळेगावच्या वळणावर मोटरसायकल घसरून माझे पाय गेले, तेव्हापासून 'दादाले तरास होते' म्हणत हाच भाऊ मला लग्नाबारशांना आर्वीच्या घरी मागे ठेवत आला. त्या मे महिन्यात मात्र सकाळीच गाडी घेऊन दारात.

"चाल दादा, नागपूर रोडच्या पार्कात जाऊन राह्यलो. तुह्याशिवाय मजा नाई."

मी ओळखलं, पण बोललो नाही. बोललो नाही ते बायकोसाठी. तिला आकाशपाळण्यात बसायचं होतं. वडनेरला तिच्या माहेरी जत्रेत पाळणा यायचा, पोरींनी त्यात बसायचं नाही असा घरचा हुकूम. ती खालून पाहत मोठी झाली. लग्नानंतर मी नेतो नेतो म्हणत राहिलो, आणि मग माझे पाय गेले.

पार्कात उताराचा रस्ता होता, पण त्यावर शोभेच्या कुंड्या मांडलेल्या. खुर्चीवाल्यांसाठीच्या संडासात पोछे आणि बादल्या. उन्हानं चाकांच्या कड्या इतक्या तापल्या की हात लावता येईना, म्हणजे ढकलायला दुसऱ्याचंच तोंड पाहणं आलं. भाऊ ढकलायचा तो पुढच्या फाटकापर्यंत. तिथं मला दाखवायचा, आत शिरायचा, आणि मी उन्हात उभ्या केलेल्या हातगाडीसारखा.

एका फाटकावरच्या माणसानं हटकलं. "हे भाऊ तं बसतच नाई. मंग लाइन कायची सोडू?"

"बसते ना! आता भेवून राह्यला थो," भाऊ म्हणाला आणि हसला. लाइनीतले लोकही हसले. मी मान खाली घातली. दिवसभराचं विष मी असंच गिळत होतो.

मग आकाशपाळणा आला. तिथल्या माणसानं सांगितलं की खुर्चीवाल्याला बसवत नाही, आणि कुणीतरी त्याच्यापाशी थांबलं पाहिजे. भावजय चांगली बाई. ती म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही बसा. मी थांबते भाऊजींपाशी."

बायकोनं पर्स माझ्या मांडीवर ठेवली. पदर खोचला. एक पाय पाळण्यात टाकला. तिचा चेहरा मला दिसला, आणि मी म्हणालो, "मले गरगरून राह्यलं. तू नको जाऊ."

मला काहीही होत नव्हतं.

"बसता का उतरता, बाई? लोकं थांबून हायेत!" पाळणेवाला ओरडला.

ती उतरली. माझ्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला, बाटलीतून पाणी पाजलं, आणि मी ते प्यायलो. वरून पुतणी हाका मारत होती, "मोठी आई, वर पाह्य!" तिनं वर पाहिलं नाही. राग मला भावाचा होता. त्याला बोलायची हिंमत नव्हती, म्हणून जिच्याकडून हिसकावता येत होतं तिच्याकडून हिसकावलं. घरी येईपर्यंत मी डोळे मिटून आजारी असल्याचं सोंग केलं.

यंदा पुन्हा पार्कात जायचं म्हणून भावाचा फोन आला. बायको ताटात डाळ निवडत होती. मी म्हणालो, "औंदा तू पाळण्यात बसजो. त्या दिवशी मले काई झालं नव्हतं."

"माहीत हाय."

"मंग बोलली काऊन नाई?"

"सारे पाहून राह्यले होते. तिथं भांडू का तुमच्यासंग?" खडा उचलून तिनं बाजूला ठेवला. "जाईन मी औंदा. पण तुम्ही नका येऊ."

"अवो, मी नसलो तं लाइन लागते. उन्हात जीव जाईन."

"लागू द्या. उभी राहीन मी लाइनीत."

तिच्यासमोरच मी भावाला फोन लावला. तुह्या वहिनीले घेऊन जा, मी येत नाही, म्हणून सांगितलं.

"पण दादा," तो म्हणाला, "मंग लाइनीचं कसं?"