अण्णा शर्ट का काढत नव्हता

माझा भाऊ ब्रेस्ट कॅन्सरने गेला.

परत वाचायची गरज नाही, बरोबरच वाचलंत. पुरुषांनाही होतो. क्वचित होतो, पण होतो.

आज वर्ष झालं. वर्षभर आम्ही सगळ्यांना "लिव्हरचं दुखणं" म्हणून सांगितलं. शेजाऱ्यांना, पावण्यांना, उचगावात त्याच्या गॅरेजवर येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांना. अव्वाने, म्हणजे आमच्या आईने, तसं ठरवलं होतं.

आज खरं सांगते.

अण्णा हायस्कूलला असताना त्याची छाती वाढायला लागली. वयात येताना बऱ्याच मुलांना तिथे थोडी सूज येते आणि बहुतेकांची आपोआप जाते. त्याला गायनेकोमास्टिया म्हणतात, हे मला आत्ता आत्ता कळलंय.

अण्णाची गेली नाही. हे डॉक्टरला दाखवायचं असतं, हे आमच्या शिरोळच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अव्वाला वाटायचं, दूधतूप अंगी लागलंय पोराच्या.

नदीवर पोहायला गेला की पोरं चिमटे काढायची. त्याला एका बाईचं नाव ठेवलं होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही.

त्याने पोहणं सोडलं.

मग बस्ती सोडली. आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. अभिषेकाला पुरुषांनी धोतर नेसायचं, वर नुसता दुपट्टा. कळशी उचलायला हात वर केले की दुपट्टा घसरतोच.

अभिषेकाचा मान आमच्या घराचा असला की अण्णा ऐन वेळी गायब.

काका भडकायचे. "लई शाना झालाय न्हवं! धरमाची लाज वाटाय लागलीया ह्येला."

भाऊकीत त्याचं नाव नास्तिक पडलं. तोही छाती ठोकून सांगायचा नाही, पण हसून म्हणायचा, "व्हय, न्हाय मानत मी."

आणि जैनांच्या नेमाप्रमाणे दिवस मावळायच्या आत मुकाट्याने जेवून घ्यायचा. हा म्हणे नास्तिक!

गॅरेजमध्ये भर उन्हाळ्यात बाकीचे बनियनवर. हा शर्टात, आत दोन घट्ट बनियन. पुरात गोठ्यातनं म्हशी बाहेर काढल्या, तेव्हाही शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

आम्हाला वाटायचं, सवय आहे त्याची.

मग एक दिवस धुण्यात वहिनीला त्याच्या बनियनवर रक्ताचा डाग दिसला.

"अहो, ह्यो डाग कसला?"

"पाना लागला गं."

पुढच्या आठवड्यात पुन्हा डाग. पुन्हा त्याच जागी. वहिनीने मला फोन केला, मी तशीच निघून आले आणि भांडले त्याच्याशी.

"विजू, जुनंच हाय ते. शाळेत असल्यापास्नं हाय. आता म्हातारपणी दाखवत बसू व्हय?"

जुनं नव्हतं ते. जुनं मऊ होतं आणि दोन्ही बाजूंना होतं. हे एकाच बाजूला, सुपारीएवढं, टणक. निप्पल आत ओढलं गेलेलं. त्याला दिसत होतं सगळं. पण तिथे बघायचंच नाही, हे त्याने लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

शेवटी वहिनीने जेवण सोडलं, तेव्हा दवाखान्यात आला.

कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात बाकावर सगळ्या बायका. सिस्टरने बाहेर येऊन वहिनीला खूण केली, "चला ताई, आत या."

अण्णा उठला. म्हणाला, "पेशंट मी हाय."

सगळ्या बायकांनी मान वर करून बघितलं. कुणी हसलं नाही हो. एका आजींनी तर पाय जवळ घेऊन त्याला वाट करून दिली. आयुष्यभर ज्या हसण्याला तो भ्यायला, ते तिथे नव्हतंच.

डॉक्टर बाई स्पष्ट बोलल्या. "आधीची वाढ साधी होती. तिच्यामुळं हे झालेलं नाही. पण ती लपवायची सवय लागली, म्हणून हे उशिरा सापडलं."

ऑपरेशन झालं. केमो झाली. पण तोवर ते हाडात उतरलं होतं.

ड्रेसिंग करताना एकदा म्हणाला, "एक बाजू सपाट झाली बघ. दुसरी पन काढा म्हनावं, म्हंजे अभिषेकाला बसतो."

मी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

तो बसू शकला नाही.

गेल्यावर शेवटची अंघोळ घालायला भाऊकीतले पुरुष आत गेले. काका पुढे होते. अण्णाचा शर्ट त्यांनीच काढला.

बाहेर येऊन पायरीवर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढ्यासाठी येत न्हवता व्हय गं त्यो बस्तीत?"



मित्रांनो, भावांनो, तुमची छाती वाढली असेल तर बहुतेक वेळा ते साधंच असतं. कधी हार्मोनचं, कधी एखाद्या औषधाचं, कधी जिममधल्या पावडरींचं. उपाय असतात त्याला. पण एका बाजूला टणक गाठ लागली, निप्पल आत गेलं, पाणी किंवा रक्त आलं, तर लाजू नका. शर्ट काढा आणि डॉक्टरला दाखवा. आणि कुणाला चिडवत असाल, तर आजपासून बंद करा. मी हात जोडून नाही, रागाने सांगतेय.

हे टाकायच्या आधी सकाळी अव्वाला विचारलं.

ती म्हणाली, "लोकं हसतील गं त्येला."

"तो गेलाय अव्वा. आता त्याला ऐकू येत नाही."

बराच वेळ ती त्याच्या फोटोवरची धूळ पदराने पुसत बसली. धूळ नव्हतीच.

मग म्हणाली, "लिव्ह. खरं काय ते समदं लिव्ह. पन माझा ल्योक देखणा हुता, त्ये बी लिव्ह."

लिहिलं, अव्वा.

अण्णा, तू देखणा होतास.

भरल्या डोळ्यांनी तुला शेवटचा जय जिनेंद्र.

तुझी विजू