टाकीमागची मुळी

बोईसरहून वाणगावकडे जाताना उजव्या हाताला कृष्णकांतभाऊंची नर्सरी लागते. तिथं पारू चौदा वर्षं रोपं लावते. रूळ ओलांडून पूर्वेला अर्धा तास चाललं की तिचा पाडा येतो. पारूने लावलेली फांदी मरत नाही, असं भाऊ गिऱ्हाइकांना सांगत. पारू ते ऐकून मान खाली घाली. पण ते खरंच आहे, हे तिला ठाऊक होतं, आणि ते कुणी बोललं की तिला बरं वाटे.

वैशाखात नर्सरीला श्वास घ्यायला फुरसत नसते. पावसाआधी हजारो पिशव्या मातीने भरून ठेवायच्या असतात. नेमकी त्याच धांदलीत भाऊंची मुलगी दिशा पुण्याहून आली आणि म्हणाली, "मावशी, झाडाफुलांचा पॉडकास्ट करायचाय. सात दिवस, सात भाग. तू बोलायचं, मी फक्त विचारणार."

"रेडिओवानी?"

"तसंच. पण फोनवर. कुणीही, कधीही ऐकू शकतं."

या पोरीला पारूनेच कडेवर घेऊन गुलाब दाखवले होते. नाही कसं म्हणणार?

बाहेर कारखान्यांचे ट्रक घरघरत जात, म्हणून बोलायचं होतं खताच्या खोलीत. दिशाने भिंतींना गाद्या उभ्या केल्या, खिडकीवर गोधडी ठोकली, पंखा बंद केला, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. खताचा वास नाकात भरला. मानेवरून घाम निघाला तो पाठीवर जाऊन थांबला. फुलांविषयी बोलायचं, आणि पान दिसेल एवढीही फट नाही. पारूची जीभच हलेना. मग तिने बाहेर जाऊन मोहाची डहाळी आणली, मांडीवर ठेवली, तेव्हा कुठे तोंड सुटलं. सोमवारी मोह, मंगळवारी बहावा, बुधवारी कुडा. सकाळी पिशव्या, दुपारी खोली, संध्याकाळी पुन्हा पिशव्या.

चूक झाली ती पहिल्याच दिवशी. यंत्र बंद करता करता दिशाने सहज विचारलं होतं, "मावशी, तुला येतं त्यातलं सगळ्यांत भारी काय गं?"

"भारी?" पारूची मान ताठ झाली. "माझ्या बाची मुळी हाय माझ्याकडं. बाई बाळंत होताना अडली का केसांत बांधायची. मूल आलं का लगेच सोडायची. बाने जिवल्याला नाय दिली, मला दिली. नाव आजवर कुणाला नाय सांगितलं."

जिवल्या तिचा भाऊ. त्याच्या पोटात काही राहत नाही, म्हणून बाने, म्हणजे सुकाने, मरायच्या आधी लेकीला जवळ बोलावलं होतं. बाचे नियम दोन होते. मुळीचं नाव परक्यापुढं घ्यायचं नाही, नाव बाहेर गेलं की मुळीतलं सत्त्व जातं. आणि आदल्या संध्याकाळी तांदूळ वाहून झाडाला सांगायचं, उजाडायच्या आत मुळी काढायची, आणि ती अडलेल्या बाईच्या केसांत बांधेपर्यंत काढणाऱ्याने चकार शब्द बोलायचा नाही.

बुधवारी संध्याकाळी ती पाड्यावर पोचली तर जिवल्याच्या अंगणात बायका गोळा झाल्या होत्या. मध्ये जिवल्या, हातात फोन. फोनमध्ये पारू कुड्याविषयी बोलत होती. स्वतःचा आवाज असा बाहेरून ऐकताना तिला लाजही वाटली आणि अभिमानही. मग शेवटी दिशाचा आवाज आला: "आणि रविवारी पारूमावशी सांगणार आहेत बाळंतपणाची ती मुळी, जिचं नाव त्यांनी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही!"

बायकांच्या माना पारूकडे वळल्या.

"काय गं अक्का," जिवल्या हसला, "मला नाय सांगितलंस, आणि आता साऱ्या दुनियेला सांगतेस?"

पारूची सून भावना खांबाला टेकून बसली होती. नववा महिना भरला होता. पहिल्या वेळी ती दोन दिवस अडली होती, तेव्हा पारूनेच मुळी बांधली होती.  पोटावरचा हात तिने काढला नाही.

रात्रभर पारूला वाटत राहिलं, खताची खोली आपल्यासोबतच घरी आली आहे.

गुरुवारी ती दिशाला म्हणाली, "पोरी, ते मुळीचं काढून टाक."

"अगं, लोक रविवारचीच वाट बघतायत! किती जणांनी लिहिलंय बघ."

"नाव घ्यायचं नसतं."

"मावशी, तुझ्यानंतर ते कुणाला माहीत असणार? उलट सांगून ठेवलेलं बरं, नाही का?" दिशाच्या बोलण्यात खोट नव्हती. म्हणूनच तिच्याशी भांडता येत नव्हतं.

भाऊंकडे गेली तर भाऊ पिशव्या मोजताना वरही न बघता म्हणाले, "पारू, पोरीचा शब्द गेलाय लोकांत. माझं नाक कापू नकोस."

चौदा वर्षांत भाऊंनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. अडीनडीला देतच आले होते. ती मुकाट्याने खोलीत गेली आणि दार तिच्यामागं लागलं.

एक गोष्ट ती कुणालाच सांगू शकत नव्हती. ते झाड त्या खोलीच्या दारापासून दहा पावलांवर होतं. या उन्हात रानातली त्याच्या जातीची सगळी झाडं करपली होती, पण नर्सरीतल्या पाण्याच्या टाकीला गळती होती आणि टाकीमागच्या गवतात ते एकटं हिरवंगार उभं होतं. दिशा रोज त्याला पाय लावून जाई. पारू त्या आठवड्यात त्याच्याकडे न बघता चालायला शिकली होती. डोळ्यांनी चहाडी केली तर?

शनिवारी दुपारी शेवळांच्या रानभाजीचा भाग संपला आणि भाऊ बाहेरून ओरडले, "पारू, उद्या तुझा फोटो काढायचाय टाकीपाशी. सकाळी मागचं सगळं गवत उपटून घे. एक काडी ठेवू नकोस."

पारू टाकीकडे पाठ करून उभी राहिली. ते झाड ठेवलं, तर हेच का ठेवलंस, असं विचारतील. उपटलं, तर भावनाच्या वेळी कुठून आणायचं?

संध्याकाळी सगळे गेल्यावर ती टाकीमागं बसली. पदराच्या गाठीतले तांदूळ सोडले. "उद्या न्यायला येईन," ती झाडाला म्हणाली, "भावनासाठी. रागावू नको." पुढं काय होणार ते तिला कळत होतं. तरी तिने तांदूळ वाहिले.

रविवारी उजाडायच्या आत मुळी निघाली. मातीसकट अंबाड्यात गेली. मग तिने बाकीचं सगळं गवत उपटून त्या झाडाच्या पाल्यासकट ढीग केला, आणि त्या ढिगात कुणाला काही शोधता आलं नसतं.

दुपारी खोलीचं दार बंद झालं. लाल दिवा लागला.

"नमस्कार! आज तो दिवस आलाय. मावशी, सांग."

पारू गप्प.

"मावशी?"

घाम डोळ्यांत उतरला. पारूने तो पुसला, पण ओठ उघडले नाहीत. दिशाने यंत्र थांबवलं, पाणी दिलं, पुन्हा सुरू केलं. तीन वेळा. शेवटी ती रडवेली झाली. "नाही सांगायचं तर नाही म्हण ना! निदान एवढं तरी बोल!"

मुळी अंबाड्यात असेपर्यंत एवढंही बोलता येत नव्हतं. पारूने हात पुढं केला, लहानपणी धरायची तशी तिची हनुवटी धरली. दिशाने मान बाजूला घेतली. फोटो कुणी काढलाच नाही. संध्याकाळी दिशा पुण्याला गेली.

सोमवारी फाटकावर माणसं आली. कुणी पालघरहून, कुणी मुरब्याहून. मुळीवाली बाई कुठाय, विचारत. पारू पिशव्या भरत राहिली. "मुकी हाय काय?" एकजण म्हणाला. भाऊंनी त्यांना घालवलं, मग तिच्याकडे वळून म्हणाले, "माज आलाय तुला. चार लोकांनी आवाज ऐकला आणि माज आला." चौदा वर्षांत पहिल्यांदा. उत्तर जिभेवर तयार होतं. तिने ते मातीबरोबर पिशवीत दाबलं.

रविवार, सोमवार, मंगळवार. मूल येण्याचं नाव घेईना. घरी मुलगा कमलेश विचारी, जेवलीस का, आणि ती मान हलवी. भावनाला मात्र कळलं होतं. ती सासूच्या अंबाड्याकडे बघे आणि हळूच पाण्याचा तांब्या पुढं सरकवी.

बुधवारी पहाटे कळा सुरू झाल्या. सरकारी दवाखान्याच्या गाडीत चढता चढता पारूने सुनेच्या वेणीत मुळी गुंफली. नर्सबाईंनी विचारलं, "ही काडी कसली?"

तीन दिवसांनी पारूचं तोंड उघडलं. आवाज खरखरीत निघाला. "राहू द्या बाई. तासाभरानं मीच सोडीन."

तासही लागला नाही. मुलगी झाली. पारूने मुळी सोडली आणि घरी जाताना वाहत्या पाण्यात टाकली.

गुरुवारी ती नर्सरीत आली. फाटकावर पुन्हा दोन बायका उभ्या होत्या. टाकीमागं जमीन उघडी, कोरडी. भाऊंनी गळती बुजवून घेतली होती. पारू तिथं जरा जास्तच वेळ उभी राहिली.

"आता तरी तोंड उघडशील का?" भाऊ मागून म्हणाले.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण सगळ्याच्या मध्ये ते एक नाव होतं. त्याला वळसा घालून जाणारी वाट पारूला सापडेना.

"भाऊ," ती म्हणाली, "आज पिशव्या किती भरायच्या?"