तलवारवाल्याच्या कपाळावर कुंकू

सौदीतल्या जुबैलच्या प्लांटमधले माझे जपानी साहेब पंधरा वर्षांनी मायदेशी निघाले होते. त्यांची खुर्ची त्यांनीच शिकवून तयार केलेल्या सौदी इंजिनिअरला मिळाली होती. परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमायचं सरकारी धोरण होतं, त्यामुळे त्या काळात असं रोजच कुणाचं ना कुणाचं चाललेलं असे. व्हिला रिकामा करताना त्यांनी एक चित्र आठवडाभरासाठी माझ्याकडे ठेवलं. लाकडी ठशाचं, फार जुनं. डोळे वटारून, भलीमोठी तलवार घेऊन उभा राहिलेला जपानी नाटकातला नट. काच फुटल्यामुळे ते नुसतंच पुठ्ठ्यावर होतं. "वडिलांची एवढीच वस्तू उरलीय," साहेब म्हणाले.

मी ते कपाटावर उभं केलं आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या आईला बजावलं, "हलवायचं नाही." हे काय आहे, कुणाचं आहे, ते सांगायचा मला कंटाळा. हुकूम सोडून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी खोड.

दोन दिवसांनी खंडेनवमी. ड्यूटीवरून आलो तर आईने बाहेरून दिसू नये म्हणून पडदे ओढून कपाटासमोर माझे पाने-पकडी, लॅपटॉप, विळी अशी सगळी आयुधं पुजली होती. आणि वर नटाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू!

"हलवलं कुठे? बोट तेवढं लावलं," आई म्हणाली. "एवढी तलवार घेतलेला देव, त्याला वगळायचं होय रे?"

मी कापसाने पुसायला गेलो, तर टिळा पसरून दुप्पट झाला. म्हणजे निम्मा गुन्हा माझाच. तरी आईवर ओरडलो. पुढचे चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

साहेब आले. त्यांनी बूट काढायच्या आतच मी सगळं कबूल करून टाकलं. चित्र खिडकीपाशी नेऊन ते बराच वेळ बघत राहिले. मग ते चक्क खो खो हसत सुटले.

"छापलेली आहे ती फक्त काळी रेघ," ते म्हणाले. "रंग तेव्हा हातानेच भरत. यातला लाल कधीच उडाला होता, तो तुझ्या आईने परत भरला. वडील फार हळहळायचे."

मी आईला सांगितलं, देव नाही, नट आहे. आई जराशी ओशाळली. "असू दे. उभा तर ऐटीत आहे," म्हणाली.

निघताना साहेब त्यांच्या रिवाजाप्रमाणे आईपुढे कमरेत वाकले. पाया पडताहेत असं समजून आईने "सुखी राहा" म्हणत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी पुन्हा गारठलो. पण आईने हात काढेपर्यंत साहेब सरळ झाले नाहीत.

गाडीत बसताना ते मला म्हणाले, "पंधरा वर्षांत इथे माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नव्हता."