हात थांबला की ओळ खोटी

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. शहागडला हमरस्त्याच्या कडेला, आपल्या पंक्चरच्या टपरीसमोर, अप्पाराव पेटीचा भाता उघडून बसले आहेत. भात्याला चीर गेली आहे. ट्रकच्या ट्यूबचा पातळ तुकडा त्यांनी काचपेपरने घासला, सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि चिरेवर दाबून धरला. टायर आणि पेटी, दोन्हींवर त्यांचा एकच इलाज.

साल १९७६, महिना मार्च. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती आहे आणि अप्पारावांच्या गायन पार्टीला गोदाकाठच्या गावांतून बोलावणी येऊन पडली आहेत. दर जयंतीला एक तरी नवं गाणं आणायचं, हा पार्टीचा पहिल्यापासूनचा रिवाज. यंदा नवं गाणं तयार नाही.

अप्पाराव गातात, पेटी वाजवतात, चाली बांधतात. ढोलकीवर त्यांचे मेहुणे रामकिसन असत. दोघांची गाणं करायची पद्धत वेगळी होती. आधी शब्द नसत. रामकिसन ठेका धरत, अप्पाराव त्यावर अर्थ नसलेली अक्षरं गुणगुणत आणि त्यांतूनच हळूहळू ओळी निघत. वही नव्हती. रामकिसनना लिहितावाचता येत नव्हतं, पण एखादी ओळ ओढूनताणून बसवलेली असली की त्यांचा हात आपोआप थांबायचा. हात थांबला की ओळ खोटी, असं ठरूनच गेलं होतं. अप्पाराव ती टाकून द्यायचे, वाद घालायचे नाहीत.

“चाल काय माझ्या एकट्याच्या डोक्यातून येत न्हाई,” अप्पाराव सांगतात. “त्यानं ठेका धरला की मला पुढचं दिसायचं. बत्ती घेऊन कुणी म्होरं चालावं, तसं.”

बहात्तरच्या दुष्काळात सारी पार्टी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथे शेजारच्याचा हातोडा रामकिसनच्या उजव्या हातावर बसला. मधली दोन बोटं चेचली. ती वाचली, पण पुरती वळेनात. पुढच्या जयंतीला रामकिसन ढोलकी घेऊन हजर झाले. “बिलकुल बरा हाय हात,” म्हणाले. कुणी जास्त विचारलं नाही.

गाणी मात्र बिघडू लागली. रामकिसनचा हात दर दोन ओळींना थांबायचा. अप्पाराव विचारायचे, “कच्ची हाय का?” रामकिसन म्हणायचे, “कच्ची हाय, दाजी. काढा.” अप्पाराव काढायचे. चार कडव्यांचं गाणं दोन कडव्यांवर यायचं. जे उरायचं ते संथ, रडवेलं. कोरसमधले मच्छिंद्र एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “अप्पाराव, जयंतीला चाललोत का मयतीला?” लोक हसले. आपली ओळ सुचायची ताकदच गेली, असं अप्पारावांनी मनाशी धरलं. दोन वर्षं त्यांनी तेच धरून ठेवलं.

ते चूक होतं, हे केशरबाईंनी सांगितलं. केशरबाई म्हणजे अप्पारावांची बायको, रामकिसनची थोरली बहीण. तालमीला त्या दाराशी ज्वारी निवडत बसत आणि टाकलेल्या ओळीही त्यांच्या ध्यानात राहत. गेल्या साली एका संध्याकाळी त्यांनी तशा पाच-सहा ओळी एकामागून एक म्हणून दाखवल्या. सगळ्या जलद वळणाच्या.

“अवं, वंगाळ हायेत का ह्या?”

“न्हाईत.”

“मंग? ओळी बराबर हायेत. त्याचा हात दुखून राह्यलाय. तुम्हाला कसं सांगावं त्यानं?”

चार दिवसांनी अप्पारावांनी एक गाणं करून आणलं. पहिल्यांदाच एकट्याने केलेलं, सबंध संथ. दुखऱ्या बोटांना जड जाईल अशी एकही जागा त्यात ठेवली नव्हती. रामकिसननी ते शेवटपर्यंत वाजवलं. हात कुठेच थांबला नाही. कोरसवाले खूश झाले. रामकिसननी ढोलकी बाजूला ठेवली.

“दाजी, हे तुम्ही माझ्या हातासाठी केलं,” ते म्हणाले. “बाबासाहेबांसाठी न्हाई.”

त्या आठवड्यात ते जालन्याला गेले आणि एका बियाण्याच्या गोदामावर रखवालदार म्हणून लागले. गेल्या जयंतीला पार्टीने जुनीच गाणी म्हटली. यंदा अप्पारावांनी दोनदा निरोप धाडला होता: फक्त ठेका धरायला ये, बाकी मी बघतो.

भाता चिकटून वाळत होता, तेवढ्यात एका रात्रीची रजा काढून आलेले रामकिसन एसटीतून उतरले. खांद्याला चादरीत गुंडाळलेली ढोलकी होती. अप्पाराव उठून उभे राहिले.

“जय भीम. आलास का?”

“जय भीम, दाजी. ठेक्याला बसायला न्हाई आल्तो. ही द्यायला आलो. देवानंदला.”

देवानंद कोरसमधलाच. बँडमध्येही वाजवतो.

“देवानंदचा हात साफ हाय,” रामकिसन म्हणाले.

“साफ हाय. पर थांबत न्हाई. कसलीबी ओळ घाल, वाजवतच राहतो.”

रामकिसन हसले. “बँडवाला हाय तो. नवरदेव घोड्यावरून पडला तरी थांबायचा न्हाई.”

अप्पारावांनाही हसू आलं. समोरून उसाचा ट्रक गेला.

“रामकिसन, एक ओळ ऐकतो का? नवी हाय.”

“नगं, दाजी.”

“एकच.”

अप्पारावांनी ती हलक्या आवाजात म्हटली. जलद वळणाची होती. रामकिसनचा डावा हात मांडीवर चालू लागला, उजवा खिशातच राहिला. ओळ संपली. डावा हात थांबला.

“ओळ खोटी, का हात दुखला?” अप्पारावांनी विचारलं.

“काय सांगू, दाजी,” रामकिसन म्हणाले. “आता मलाबी कळत न्हाई.”

केशरबाईंनी भावाला घरातून चहा आणून दिला. जेवून जा म्हणाल्या, पण ते थांबले नाहीत. ढोलकी टपरीतल्या बाकावर ठेवून त्यांनी परतीची एसटी धरली.

अप्पारावांनी देवानंदला बोलावणं पाठवलं आहे. उद्या संध्याकाळी सात वाजता विहारात तालीम आहे, ढोलकीवर तो बसेल. रामकिसनची जालन्याच्या गोदामावरची रात्रपाळीही सातलाच सुरू होते.