दादाने सांगितलेला रस्ता

अंबरनाथला उतरलो तेव्हा खिशात दादावर लिहिलेलं दोन पानी स्तोत्र होतं आणि डोक्यात त्यानेच पूर्वी सांगितलेला रस्ता. शिवमंदिराकडे पाठ करून डावीकडे सुटायचं, दहा मिनिटांत उल्हासनगरचा कॅम्प पाच. मंदिराचा काळा दगड डोळे भरून पाहिला आणि सुटलो. तासाभराने पुन्हा मंदिराबाहेरच्याच बेलफुलांच्या दुकानांपुढे उभा होतो. शेवटी फुलवाल्या बाईंनीच मला रिक्षात बसवून दिलं.

कॅम्प पाचमध्ये जयाआंटींच्या घरी दर रविवारी काही कुटुंबं जमतात. प्रत्येकाच्या घरातलं एक माणूस गेलेलं. सगळे मिळून त्यांच्या आठवणींचं पुस्तक लिहिताहेत. बदलापूरच्या शिरगावात राहणारी माझी वहिनी इथे नेमाने येते, पण तिच्याकडून एक ओळ लिहून होत नव्हती. पुस्तक उद्या छापायला जाणार. दादाचं पान कोरं राहू नये म्हणून तिने मला नाशिकहून बोलावलं होतं.

आंटींनी आधी दाल-पकवान (कुरकुरीत पुरी आणि चण्याची डाळ) खाऊ घातलं. मग अंबरनाथचे कांबळेकाका बायकोविषयी वाचू लागले. भांडण झालं की ती त्यांची एकच चप्पल लपवायची. सगळे हसले. काका डोळे पुसत पुढे वाचत राहिले. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

मी माझं वाचलं. कष्टाळू, प्रेमळ, परोपकारी. वहिनी खाली बघत होती. आंटी हळूच म्हणाल्या, "भाऊ, देवमाणूस तर इकडे सगळेच आहेत. तुमचा वाला कोण होता, ते सांगा ना."

मला रागच आला. गेलेल्या माणसाची उणीदुणी काय काढायची? विषय बदलायला म्हणून वहिनीने उशिराचं कारण विचारलं, तेव्हा मी रस्त्याची फजिती सांगितली.

वहिनी हसू लागली ती थांबेना. "त्यांना 'माहीत नाही' म्हणताच यायचं नाही, भाऊजी. आमच्या लग्नाचं वऱ्हाड त्यांनी पुढे बसून दुसऱ्याच गावाला नेलं होतं."

दादा गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. मग ती रडली. मग माझ्या स्तोत्राची कोरी बाजू पुढे ओढून लिहायला बसली.

परतताना स्टेशनबाहेर एकाने मला कुठलीशी सोसायटी विचारली. मी नाशिकचा, मला काय ठाऊक? तरी माझा हात ठामपणे डावीकडे उठला. मी तो घाईने खाली घेतला, पण तेवढ्यात दादा भेटून गेला होता.