भिंतीपलीकडचे काका आणि सफरचंद

आई गेल्यावर नेरुळच्या रो-हाऊसमध्ये मी एकटीच उरले. न्हावा शेव्याच्या ऑफिसातली नोकरीही संपली. दिवस जाता जात नव्हता, म्हणून मागच्या अंगणात सफरचंदाचं कलम लावलं. नर्सरीवाला म्हणाला होता, "ही जात उकाड्यात तग धरते. पण इथे थंडी नाही, त्यामुळे पानं आपोआप गळत नाहीत. डिसेंबरात ती हातानं काढायची, मगच फुलं येतात."

तिसऱ्या डिसेंबरात मी स्टुलावर चढून पानं काढत होते, तेव्हा शेजारचे काका मधल्या भिंतीशी आले. मूळचे साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या फळबाजारात हमाली केलेले. तोवर आमची ओळख मान हलवण्यापुरतीच होती.

"ताई, चांगलं झाड कशापायी मारताय?"

मी कारण सांगितलं.

"हे सफरचंद हाय व्हय? मला वाटलं पेरू." त्यांनी भिंतीवरून हात लांबवून एक पान चोळून पाहिलं. "तीस वर्सं पेट्या वाहिल्या पाठीवर. झाड आज बघतोय."

दुसऱ्या दिवशी ते अंगणात आले आणि गुडघे दुखत असूनही वरची पानं त्यांनीच काढली. मग रोज संध्याकाळी भिंतीशी यायचे. बोलणं फारसं नसायचं. मी दोन कप चहा करू लागले.

जानेवारीत त्यांच्या मुलानं घर विकलं आणि सगळे गावी गेले. निघताना काका म्हणाले, "फुलं आली की कळवा."

फेब्रुवारीत फुलं आली, पांढरी, कडेला गुलाबी. मी त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर फोटो पाठवला. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. चार दिवसांनी फोन केला, तर सुनेनं उचलला.

"मामंजींना फोनवर ऐकू येत नाही हो."

"फोटो दाखवला का त्यांना?"

"दाखवते की."

पुन्हा फोन करायचा मला संकोच वाटला. नव्या शेजाऱ्यांनी भिंतीवर हिरवे पत्रे ठोकले. माणसं चांगली असावीत, पण दिसत नाहीत.

तीन फळं धरली, ती मे महिन्यात पिकली. दोन पाखरांनी टोचली. तिसरं काकांना पाठवावं म्हणून कुरियरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मॅडम, फळं नाही घेत आम्ही."

घरी आले, ओट्यापाशी उभी राहून सफरचंद चिरलं. चारही फोडी मीच खाल्ल्या. जरा आंबट होतं, पण चांगलं होतं.