ड्रायरचं तोंड

तासभर फिरूनही ड्रायरमधून टॉवेल दमटच निघत होते, आणि यंत्राची पाठ मात्र चटका देत होती. घरात जळक्या कापडाचा वास यायला लागला. नवरा म्हणाला, "म्हातारा झालाय, बदलून टाकू." मला पटेना. आमचं घर तळमजल्यावर, म्हणून भिंतीला बाहेरून वळसा घातला. ड्रायर चालू असला की वाफ सोडायला उघडणारी झडप मिटलेलीच होती. तिच्यावर सोसायटीने नक्षीदार जाळी ठोकलेली. वाफ दिसली की इमारतीची शोभा जाते म्हणे. बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदीही त्याच शोभेपायी.

ड्रायर बंद करून मी जाळी उचकटली आणि लांब दांड्याचा ब्रश आत घातला. कपड्यांच्या झडलेल्या तंतूंचा घोंगडीसारखा जाड, करडा थर बाहेर आला. त्यात माझ्या लाल परकराचे धागे स्पष्ट ओळखू येत होते. रोज वापरलेलं झिजतं, आणि झिजलेल्याला बाहेर पडायला वाट हवी असते. ती बुजवायची आणि वर आतल्यालाच म्हातारा ठरवायचं, हा तर तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एक दिवस पेटलंच असतं सगळं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"वहिनी, जाळी काढली तर बाहेरून वाफ दिसेल हो."

"दिसू दे. इथे माणसं राहतात, कपडे धुतात."

"जाळी परत लावावी लागेल."

"लावा. मी परत काढीन."

ते वाकून भोक न्याहाळत राहिले. मी आत गेले आणि ड्रायर सुरू केला. खिडकीतून पाहिलं, तर झडप सताड उघडली होती आणि त्यांच्या चष्म्यावर आमच्या घरची वाफ धरली होती.